कानातल्या सेलची बचत

पेडणेकरांनी नवीन वर्षाचा संकल्प जाहीर केला तो एक जानेवारीच्या सकाळी, चहा पिता पिता.

"आजपासून अनाठायी खर्च बंद," ते म्हणाले.

"आपल्याकडे अनाठायी खर्च आहे तरी कुठे?" मनोरमाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न पेडणेकरांना स्वच्छ ऐकू आला. तेव्हा त्यांच्या कानात मशीन होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नाव हरिश्चंद्र, पण राज्य दान करून टाकण्यातले ते नव्हेत. आयुष्यभर छापखान्यात सुपरवायझर होते. यंत्रांच्या खडखडाटात डावा कान पार गेला आणि उजवा अर्धामुर्धा राहिला. निवृत्त झाल्यावर मिळालेली पेन्शन म्हणजे निरोपाचा नारळच, फक्त तो दर महिन्याला मिळायचा एवढंच. लालबागची खोली विकून भाईंदर पश्चिमेला घेतलेला वन बीएचके तेवढा स्वतःचा होता. घर चालत होतं ते कौस्तुभमुळे. मुलगा बंगळूरला नोकरीला, महिन्याच्या पाच तारखेला न चुकता पैसे पाठवायचा. उजव्या कानातलं मशीनही त्यानंच घेऊन दिलेलं. डिसेंबरात त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. "बाबा, दोन-चार महिने सांभाळून घ्या," असं तो फोनवर म्हणाला. पोराच्या आवाजातला ओशाळेपणा पेडणेकरांच्या जिव्हारी लागला होता. त्यांना कंजूष म्हणणं सोपं आहे. सोसायटीतल्या लोकांनी म्हटलंही. पण या माणसाला पोरापुढे हात पसरायचा नव्हता, एवढीच खरी गोष्ट होती.

तर खर्च बंद झाले. आधी पेपर गेला. मग भांडी घासणारी नीलम गेली. ती भांडी कमी घासायची आणि मनोरमाबाईंना अख्ख्या गल्लीच्या बातम्या जास्त द्यायची, त्यामुळे ती जाताना पेडणेकरांना अजिबात वाईट वाटलं नाही. दूध पातळ झालं. "एका घरात दोन फोन कशाला?" म्हणून मनोरमाबाईंचा फोन बंद होऊन कपाटात गेला. मनोरमाबाईंची भजनाची मंडळी मीरा रोडला जमायची. रिक्षाचं भाडं वाचवायचं म्हणजे तिथं जाणं बंद करणंही आलंच.

उत्तनची मेरीबाय दर बुधवारी टोपली घेऊन बिल्डिंगखाली बसायची. मनोरमाबाई तिच्याकडून बोंबील घेत, आणि बोंबलांपेक्षा जास्त वेळ गप्पा. जानेवारीत दोन बुधवार त्या खाली उतरल्याच नाहीत. तिसऱ्या बुधवारी जिन्यात गाठ पडली.

"काय गो बाय, रुसलीस का? मासली न्हाय घ्यायची त नको घेव, पन बोल त खरी!" मेरीबाय म्हणाली.

मनोरमाबाई कसनुसं हसल्या आणि वर निघून आल्या. रिकाम्या हातानं मासेवालीपुढे उभं राहायची त्यांना लाज वाटायची. पुढं पुढं तर बुधवारी त्या गॅलरीतही येईनाशा झाल्या.

आता पेडणेकरांच्या बचतीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट. कानातल्या मशीनला बटणाएवढा सेल लागतो. त्याच्यावर एक रंगीत स्टिकर असतो. तो काढला की सेल चालू होतो आणि आठवडाभरात संपतो. पेडणेकरांनी विचार केला, बाहेर बँकेत, बाजारात मशीन हवंच. पण घरात? घरात कोण आहे ऐकायला? एक मनोरमा. तिचं बोलणं आपण चाळीस वर्षं ऐकलं आहे, पुढं ती काय बोलणार ते पाठ आहे. तेव्हा घरी आलं की मशीन काढायचं, सेल बाहेर घ्यायचा, आणि जपून ठेवलेला स्टिकर परत त्याच्यावर चिकटवून डबीत ठेवून द्यायचा. स्टिकर परत लावायची युक्ती सुचली त्या दिवशी ते एवढे खूश झाले की मनोरमाबाईंना बोलावून त्यांनी ती दाखवली. त्या काहीतरी म्हणाल्या. पेडणेकरांनी मशीन काढून ठेवलेलं होतं.

सुरुवातीला मनोरमाबाई ओरडून बोलायच्या. एकदा "मीठ संपलंय" हे त्यांचं ओरडणं खालच्या मजल्यावर ऐकू गेलं आणि खालच्या शहाबेन वाटीभर मीठ घेऊन वर आल्या. "सब ठीक है ना?" म्हणून दारातूनच घरात डोकावून गेल्या. मनोरमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यांनी ओरडणं टाकलं. मग खुणा आल्या. चहा झाला की टेबलावर दोन बोटं वाजवायची. जेवायला बोलवायचं तर खोलीतला दिवा एकदा चालू-बंद करायचा. कुणाचा फोन आलाच तर तो मनोरमाबाई उचलायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बोलायच्या.

संसार मुकाट्यानं चालू लागला, आणि खरं सांगायचं तर पेडणेकरांना ते आवडलंसुद्धा. भांडण नाही, कटकट नाही. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणत ते कॅलेंडरकडे पाहायचे. बायकोचं तोंड मिटत चाललं आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मनोरमाबाईंना या जगात मनापासून बोलायला एकच माणूस उरलं होतं. कणकवलीजवळच्या गावातली त्यांची थोरली बहीण, अनसूया. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मनोरमाबाईंची वेणी घातली ती अनसूयाताईनं, आणि लग्नात पाठवणीच्या वेळी पदर तोंडाला लावून रडली तीही अनसूयाताईच. दोघी रविवारी फोनवर बोलत. फोन एकच झाल्यापासून ते बोलणंही आखडलं होतं, कारण रविवारी पेडणेकर फोन खिशात घालून देवळात जाऊन बसत.

फेब्रुवारी संपता संपता एक दिवस पेडणेकर दिवाणावर बसून कात्रीनं टूथपेस्टची नळी उभी कापत होते. संपलेल्या नळीतही दोन-तीन दिवसांची पेस्ट निघते, हा त्यांचा ताजा शोध होता. मनोरमाबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात फोन होता. दिवाणाच्या कडेला टेकल्या आणि बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. पेडणेकरांनी मान वर करून पाहिलं, ओठ हलत होते. मशीन समोरच्या डबीत होतं. हात पेस्टनं बरबटले होते, आणि डबी उघडा, स्टिकर काढा, सेल बसवा, एवढं कोण करतो? बहुतेक तेलाच्या डब्याचं चाललं असावं. नाहीतर होळीच्या पुरणाचं. काहीही असलं तरी त्या दिवसांत त्या घरातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच होतं.

"राहू दे," पेडणेकर म्हणाले.

मनोरमाबाई थांबल्या. मग त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं. या वेळी थोडंच.

"अगं, राहू दे म्हटलं ना. पुढं बघू."

मनोरमाबाई उठून आत गेल्या. पेडणेकरांनी नळीतली पेस्ट झाकणात भरली आणि समाधानानं हात धुतले.

त्यानंतर काही दिवसांनी पेडणेकर दुपारी झोपून उठले तर मनोरमाबाई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या आणि केसांतून पाणी निथळत होतं. सकाळीच तर हिची अंघोळ झाली होती. सोसायटीत त्या आठवड्यात टँकर मागवावा लागला होता. पेडणेकरांचं डोकं सणकलं.

"दोन-दोनदा अंघोळ? पाणी काय फुकट येतंय? एवढं उकडत असेल तर पंख्याखाली बसायचं!"

मनोरमाबाई वळल्या. डोळे लाल होते. शिकेकाई गेली असेल, पेडणेकरांना वाटलं. त्या काहीतरी बोलल्या, दोन-तीनच शब्द. पेडणेकर "बरं, बरं" म्हणाले आणि चहाची वाट पाहत बसले. चहा झाला. टेबलावर दोन बोटं वाजली.

मार्चमध्ये एके सकाळी पेडणेकर बँकेत रांगेत उभे होते. बाहेर पडलेले, त्यामुळे कानात मशीन होतं. फोन वाजला. कौस्तुभ.

"बाबा, आईला द्या ना जरा. आज मावशीचं बारावं. तिला एकटं वाटत असेल."

"कुठल्या मावशीचं?" पेडणेकर म्हणाले.

रांगेतला माणूस पुढं सरकला, मागच्यानं "अंकल, आगे बढो" म्हटलं, पेडणेकर जागचे हलले नाहीत.

"बाबा, काय बोलताय तुम्ही? अनसूयामावशी गेली. आईनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही... म्हणजे..."

"मावशी आजारी होती तेव्हा सारखी आईचं नाव घेत होती. मी म्हटलं आई, मित्राकडून घेतो पैसे, तिकीट काढून देतो, जाऊन ये. ती म्हणाली, यांना विचारते. मग म्हणाली, तुझे बाबा राहू दे म्हणाले. दोनदा विचारलं म्हणे तिनं. मीच बोलायला हवं होतं तुमच्याशी. पण घरी तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. आणि माझ्याच नोकरीमुळे तर हे सगळं. मला वाटलं, तुमच्याकडे तेवढेही नसतील."

पेडणेकरांनी फोन खाली घेतला. कापलेली टूथपेस्टची नळी त्यांना दिसली. मग ते ओले केस दिसले. मरणाची बातमी कळली की बाईमाणूस डोक्यावरून पाणी घेतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या आईला त्यांनी अंगणात तसं न्हाताना पाहिलं होतं. आणि आपण पाण्याचा हिशेब मागितला. भर बँकेत त्यांना हुंदका फुटला. वॉचमननं स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत.

बँकेतून ते सरळ स्टेशन रोडवरच्या कानाच्या मशीनच्या दुकानात गेले आणि सेलचं नवं पाकीट मागितलं. काउंटरवरची मुलगी ओळखीची होती.

"अंकल, सेल खतम हो गए?"

पेडणेकरांनी स्टिकरची युक्ती सांगितली. आपण का सांगतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मुलगी हसली.

"स्टिकर वापस लगाने से कुछ नहीं होता अंकल. एक बार हवा लगी ना, तो पहनो मत पहनो, उतरता ही है. ज्यादा से ज्यादा थोडे दिन बचे होंगे."

बैल गेला आणि झोपा केला, तशी गत. पाकीट खिशात घालून पेडणेकर पायी निघाले. रिक्षा करावी असं एकदा मनात आलं, पण इतक्या दिवसांच्या सवयीनं पाय चालतच राहिले. घरी पोचेपर्यंत त्यांनी वाक्यं जुळवली. माफी मागायची. कणकवलीला दोघांनी जायचं, आजच तिकीट काढायचं. मशीन आता झोपेतसुद्धा काढायचं नाही.

जिन्यातच त्यांनी नवा सेल बसवला. मशीननं चालू होताना वाजते ती बारीक धून वाजवली. दार उघडलं. स्वयंपाकघरात पाण्याचा नळ ठिबकत होता, तेही ऐकू आलं. मनोरमाबाईंनी त्यांना पाहिलं आणि चहा टाकला. कप आणून ठेवला. टेबलावर दोन बोटं वाजवली.

"अगं, मशीन लावलंय मी," पेडणेकर म्हणाले. "बोल."

मनोरमाबाई आत जाता जाता थांबल्या.

"ताई गेल्या. मला ऐकू आलं नव्हतं गं. देवाशपथ. तू काय विचारतेस तेच कळलं नव्हतं. मला वाटलं, तेलाच्या डब्याचं चाललंय." त्यांना रडू फुटलं. "काहीतरी बोल. शिव्या दे. आपण जाऊ या कणकवलीला, आत्ता निघू."

मनोरमाबाईंनी पदरानं टेबलावर सांडलेला चहा पुसला. कणकवलीत आता कोण होतं? तोंड उघडायला जागा होती ती गेली होती. रागावण्यासाठीसुद्धा माणसाला बोलायची सवय असावी लागते, आणि त्यांची सवय मोडली होती. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कानाकडे पाहिलं. पेडणेकरांना वाटलं, सेलच खराब निघाला की काय. पण डोक्यावर पंख्याची घरघर चालली होती, खाली शहाबेनचा कुकर शिट्ट्या देत होता, सगळं नीट ऐकू येत होतं.

अखेर मनोरमाबाई बोलल्या. आवाज घोगरा झाला होता.

"काढून ठेवा ते. उगाच सेल जातोय."

आणि कप उचलून त्या आत गेल्या.

पेडणेकरांनी मशीन काढलं नाही. तो सेल आठवडाभर चालला. त्या आठवड्यात त्यांना घरातला पंखा, नळ आणि शहाबेनचा कुकर अगदी स्वच्छ ऐकू आला. चहा झाला की टेबलावर दोन बोटं वाजायची, तीही ऐकू आली.