कानेलाचा पाय

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस कसं ते नाहीच; नुसती कातडी, शिरा आणि हाड. तिथं काटेरी तार लागली की जखम लवकर भरत नाही, आणि भरायला लागली की मांस असं माजतं की कातडीला पुढं सरकायला जागाच उरत नाही. मग ते कापून सपाट करायचं, मधाचं मलम लावायचं, पट्टी घट्ट बांधायची आणि ती बदलेपर्यंत हात लावायचा नाही. फिदेलियाचा जन्म यातच गेला होता. न्यू मेक्सिकोच्या त्या डोंगरात कुणाचं घोडं लंगडलं की लोक म्हणायचे, "फिदेलियाला बोलवा, आणि शिव्या खायची तयारी ठेवा."

ओनोफ्रेची घोडी कानेला उन्हाळ्याच्या तोंडाला तारेत अडकली. त्याची बायको लुगार्दा हिवाळ्यात गेलेली. तिच्यामागे ही घोडी तेवढी उरलेली. फिदेलिया एक दिवसाआड यायची, पट्टी बदलायची, मग ओट्यावर कॉफी घ्यायची. तो लुगार्दाच्या आठवणी काढायचा, ती त्याच्या करपलेल्या घेवड्याला नावं ठेवायची.

जखम मात्र मिटेना. कडेला गुलाबी कातडी धरायची, आणि पुढच्या खेपेला पाहावं तर परत लालभडक! जखम सडली तर घोडीला गोळी घालण्यावाचून उपाय नव्हता. आपला हातगुण संपला, या धास्तीनं फिदेलियाची झोप उडाली.

एका सकाळी पट्टी सोडताना ती थबकली. ती डावरी, तिची गाठ डावीकडे वळायची. ही उजवीकडे होती.

"ओनोफ्रे, खरं सांग. पट्टी कुणी सोडली?"

त्यानं टोपी काढली. "मीच. कडा जरा खरवडल्या."

"अरे देवा! का?"

"ती बरी झाल्यावर तू कशाला येशील?"

फिदेलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. "मुक्या जनावराच्या जिवावर उठलास? लुगार्दा असती तर तुला दारात उभं केलं नसतं!"

तो ढसाढसा रडू लागला. तिलाही भरून आलं, पण तिनं घोडी सोडली आणि हळूहळू चालवत आपल्या घरी नेली. "बघायचीय ना? पायी ये. हात मागं बांधून."

तो रोज यायचा, कुंपणाबाहेर उभा राहायचा. पानं झडायच्या सुमारास जखम मिटली. फिदेलियानं घोडीचा दोर त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही.

"इथंच राहू दे तिला," तो म्हणाला. "माझा माझ्यावर भरवसा नाही."

फिदेलियानं घोडी परत खुंट्याला बांधली.

"घेवडा शिजलाय," ती म्हणाली. "करपलेला नाही. चल आत."