मटकीच्या दाण्याएवढी पेस्ट

आमच्या थोरल्या मामांइतकी माणसाच्या तोंडाची काळजी प्रत्यक्ष ब्रह्मदेवानंही घेतली नसेल. ब्रह्मदेवानं माणसाला दोनदा दात दिले आणि हात झटकले. मामांच्या मते हा शुद्ध निष्काळजीपणा होता. "तिसरा सेट द्यायचा नव्हता, तर दुसऱ्याबरोबर निदान सूचनांचा कागद तरी द्यायचा!" असं ते म्हणत. ती उणीव भरून काढायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. नव्वदच्या दशकात राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडात ते, आईबापांना विचारून किंवा न विचारता, डोकावलेले आहेत.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे थोरले भाऊ. आमच्यापासून चार घरांवर राहायचे. आमची घराणी बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहेत की पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून तोंडाला पदर लावतात. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि राग आला की दोन्ही, अशी मामांची रीत. नोकरी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात, क्वालिटी इन्स्पेक्टरची. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा मोजायचा आणि त्याला 'पास', 'रीवर्क' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. आठवड्यातले सहा दिवस लोखंड तपासल्यावर सातव्या दिवशी माणसानं स्वस्थ बसावं की नाही? मामा सातव्या दिवशी आम्हाला तपासत.

रविवारी सकाळी आठ वाजता त्यांच्या घराच्या पायरीवर आम्ही सात-आठ मुलं रांगेत बसायचो. मामांच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांडीचा छोटा गोल आरसा. कारखान्यात नळीच्या आतला भाग पाहायला असला आरसा लागतो. आमच्यासाठी त्यांनी मुद्दाम नवा आणला होता. एकेका मुलानंतर तो उकळत्या पाण्यात बुडवायचा. हे खातं मामीकडे होतं. "या घरात कॉफीपेक्षा आरशाचं पाणी जास्त वेळा उकळतं," असं ती आल्यागेल्याला सांगायची. "स्वल्प आऽऽ कर," मामा म्हणायचे. मग टॉर्च आत. "वर डावीकडची दाढ, रीवर्क. काल रात्री चिक्की खाल्लीस. नाही म्हणू नकोस, शेंगदाणा अजून आत बसलाय." असं म्हणून ते वहीत नोंद करायचे. त्या वहीत माझ्या नावापुढे 'घाईनं घासते, मागच्या दाढांवर अन्याय' असा शेरा सलग तीन वर्षं होता.

पेस्टच्या बाबतीत तर त्यांचं टीव्हीशी उघड वैर होतं. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची वेलांटी पसरली की मामा खुर्चीवरून उठत. "अरे, दात घासायचेत की भिंतीला गिलावा करायचाय?" लहान मुलाला पेस्ट किती, तर मटकीच्या दाण्याएवढी. मोड न आलेल्या मटकीच्या! फ्लोराइडची पेस्ट हवी, पण एवढीच. घासायची, थुंकायची, गिळायची नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात ते भिंगातून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत उभे राहायचे. दुकानदार शेट्टी शेवटी म्हणायचा, "स्वामी, पेस्ट घेऊन जा आणि घरी वाचा. पुस्तक म्हणून नेलंत तरी चालेल!" संक्रांतीला गल्लीभर तीळगूळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल वाटलं जायचं. मामांच्या घरच्या पुडीत त्याच्याबरोबर एकेक नवा ब्रश असायचा. माझ्या नवव्या वाढदिवसाला तर ते केकशेजारी पाण्याची बादली आणि पेला घेऊन उभे राहिले. केकचा तुकडा खाल्ला की चूळ, मगच वेफर्स. माझ्या मैत्रिणींनी पुढच्या वर्षी आधी चौकशी केली, "मामा येणार आहेत का?"

या सगळ्या साम्राज्यात एकच बंडखोर होती, ती म्हणजे मामांची सासू. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर राखुंडी, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात! मामांची तपासणी रंगात आली की ती नेमकी ओसरीवर येऊन बसायची आणि आमच्यासमोर चकली कडाकड फोडायची. "जावईबापू, माझे बघता का?" मामा वहीतून डोकं वर न काढता म्हणायचे, "अपवादाची नोंद होत नाही."

आम्ही हसायचो. मामा मात्र हसायचे नाहीत. बोलायचे अखंड, पण झुपकेदार मिशांच्या आडून, ओठ फारसे न उघडता. आम्हाला वाटायचं, तपासनीस माणसं अशीच असतात.

मी पाचवीत असताना आमच्या वर्गात रत्ना नावाची मुलगी आली. तुमकूरच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातली. वडिलांना पीण्यात काम मिळालं म्हणून घर उचलून आलेली. हुशार होती, पाढे तर माझ्याहून पक्के. पण बोलताना डावा हात तोंडावर धरायची. एकदा डबा खाताना हात बाजूला झाला आणि मला तिचे दात दिसले. पांढरट पट्टे, मधे तपकिरी डाग, पुढच्या दोन दातांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. आमच्या शाळेत सोमवारी नखं, रुमाल आणि दात बघायचे. मिसनी रत्नाला पहिल्या सोमवारी समज दिली, दुसऱ्या सोमवारी नळावर पाठवलं आणि तिसऱ्या सोमवारी वर्गाबाहेर उभं केलं. "दात घासल्याशिवाय आत यायचं नाही." मुलं हसली. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मामांची भाची म्हणून जरा जास्तच हसले. दुसऱ्या दिवसापासून रत्ना शाळेत आली नाही.

त्या रविवारी जेवताना मी हे मामांना मोठ्या हौसेनं सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्यांचा हात सारभातावरच थांबला.

"डाग कसे आहेत? नीट सांग."

मी सांगितलं.

"रोज घासते का, विचारलंस?"

"नाही."

"कुणी विचारलं?"

"कुणीच नाही."

मामा पानावरून उठले. आमच्या घराण्यात भात टाकून उठणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला मोपेडवर मागे बसवून ते रत्नाचं घर शोधत निघाले. गल्लीपासून दोन मैलांवर, नव्या वस्तीत, विटांना अजून गिलावा न झालेलं घर होतं. मागच्या दारी रत्ना बसली होती. समोर खापराच्या कपच्यात विटेचा चुरा. बोटानं ती दात घासत होती. ओठांवर, हनुवटीवर रक्त होतं.

मामांनी तो कपचा हळूच तिच्या हातातून काढून घेतला. रत्नाच्या आईला विचारून, चूळ भरायला लावून, टॉर्चनं तिचे दात पाहिले. बराच वेळ पाहिले. मग कानडीत म्हणाले, "हे घासून जाणार नाही, बाळ. तू कधी घाण नव्हतीसच. दात हिरडीच्या आत तयार होत होते तेव्हाच हे डाग पडलेत. पाण्यामुळे."

"पाण्यामुळे?" आई म्हणाली. "सार, आमच्या बोअरचं पाणी तर चवीला गोड होतं. दोनशे फुटांवरून यायचं."

"चवीला कळत नाही. त्यात फ्लोराइड जास्त असतं. मिठासारखं आहे बघा, अक्का. चिमूटभर लागतं, मूठभर पडलं की आमटी वाया."

"मग उकळून देते."

"उकळून जात नाही. पाणी आटतं आणि ते मागे राहतं."

आईच्या कडेवर रत्नाची धाकटी बहीण होती, दीड-दोन वर्षांची. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या हातपंपाकडे पाहिलं. "हिला प्यायला हेच पाणी?" आईनं मान हलवली. त्यांनी एक बाटली मागितली आणि पंपाचं पाणी भरून घेतलं.

सोमवारी मामा कारखान्याला रजा टाकून आमच्या शाळेत हजर. इस्त्रीचा सफारी, हातात रत्नाचा हात. मी बाकाखाली जागा शोधत होते. मिस चांगल्या होत्या, तरुण होत्या. घाबरून उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, "मिस, दोन मिनिटं द्या. तक्रार नाही." मग वर्गाकडे वळले. दोन बोटांनी मिशा वर केल्या आणि ओठ मागे ओढून आपले दात सगळ्यांना दाखवले.

मी त्यांचे दात पहिल्यांदाच पाहत होते. रत्नासारखेच. पट्टे, डाग, खड्डे.

"हे दात मी रोज दोनदा घासतो," मामा म्हणाले, "मला कळायला लागल्यापासून. मी लहान असताना माझे वडील काही वर्षं तिकडच्याच एका गावात मास्तर होते. तिथलं पाणी प्यायलो. शाळेत मला घाणेरडा म्हणायचे, म्हणून मी राखेनं, वाळूनं, विटेनं घासायचो. काल या मुलीला तेच करताना पाहिलं. यात हिची चूक नाही, एवढंच सांगायला आलो. ज्यांचे दात पांढरे आहेत त्यांनी ते पांढरे केलेले नाहीत. त्यांना पाणी चांगलं मिळालं."

मिसनी रत्नाला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. मी विचारायला हवं होतं." रत्ना आपल्या जागेवर जाऊन बसली. तिची जागा माझ्याशेजारी होती. मी तिच्याकडे माझं खोडरबर सरकवलं. तिनं ते घेतलं.

संध्याकाळी मामीनं आम्हाला उरलेली कहाणी सांगितली. मुलगी बघायला आलेले मामा तोंड मिटून इतके गप्प बसले होते की तिच्या घरच्यांना वाटलं, माणूस फार विचारी आहे. "लग्नानंतर आठ दिवसांनी बोलायला लागले, ते अजून थांबले नाहीत! मी फसले गं." पुढे कधीतरी कारखान्यात दातांचं शिबिर झालं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डागांचं खरं कारण सांगितलं. तोवर ते छत्तीस वर्षांचे होते. "त्या दिवशी घरी येऊन रडले," मामी म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी जाऊन टॉर्च घेऊन आले."

मामांनी बाटलीतलं पाणी तपासून घेतलं, तर त्यात फ्लोराइड जास्तच निघालं. मग मामांचा नवा उद्योग सुरू झाला. आमच्या गल्लीत नळाला कावेरीचं पाणी यायचं. रोज सकाळी कारखान्याला जाताना ते मोपेडच्या पायाशी निळ्या प्लास्टिकचा कोडा, म्हणजे बारीक गळ्याची घागर, भरून ठेवायचे आणि रत्नाच्या घरी पोचवायचे. धाकटीला प्यायला आणि तिच्या पेजेला तेवढंच पाणी वापरायचं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात पाणी हिंदकळायचं आणि मामा कामावर गुडघ्यापर्यंत भिजून पोचायचे. कारखान्यातले लोक काय म्हणत असतील ते असो. पाऊस असो, ताप असो, एकही दिवस चुकला नाही. त्या वस्तीत नळ यायला तीन वर्षांच्या वर लागली. रत्नाचे वडील एकदा संकोचून म्हणाले, "सार, आता पुरे करा, आम्ही काहीतरी बघू." मामा म्हणाले, "पक्के दात आत तयार होतायत. ते थांबतात का? मग मी कसा थांबू?"

धाकटीचे दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आले, तेव्हा रत्नाच तिला घेऊन आमच्या गल्लीत आली. दात कणसाच्या कोवळ्या दाण्यांसारखे होते. मामांनी टॉर्च लावला, आरसा फिरवला आणि वहीत काहीतरी लिहिण्याऐवजी आत निघून गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. रत्ना बहिणीची हनुवटी धरून तिचे दात पुन्हापुन्हा पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि आणखीही काहीतरी होतं, जे तेव्हा मला कळलं नाही.

पुढे आम्ही मोठे झालो. रविवारी क्लास सुरू झाले आणि मामांच्या पायरीवरची रांग लहान होत होत संपली. मामा निवृत्त झाले, त्यांच्या मुलानं जे. पी. नगरात फ्लॅट घेतला आणि ती दोघं तिकडे राहायला गेली. राजाजीनगरापासून दोन बस. महिन्याला येईन, असं मी म्हणाले होते; चार वर्षांत पाचदा गेले असेन. शेवटच्या खेपेला मामा बाल्कनीत बसले होते, बरेच थकलेले. "इथली मुलं गोड आहेत," ते म्हणाले, "पण त्यांना माझी जरूर नाही. खालीच दातांचा डॉक्टर आहे, एसीवाला." मग काठी घेऊन मला बसपर्यंत पोचवायला आले. नको म्हटलं तरी आले.

स्टॉपवर त्यांनी विचारलं, "रत्ना काय करते गं आता?"

दहावीनंतर त्या लोकांनी घर बदललं होतं. माझा आणि तिचा काही संबंध उरला नव्हता. पण मामांचा चेहरा बघून मी म्हटलं, "मजेत आहे. शिकतेय."

"आणि हसते का? हात न लावता?"

"हसते ना, मामा. खूप हसते."

"सरी, सरी, बरं झालं," मामा म्हणाले आणि समाधानानं रस्त्याकडे बघत राहिले. बस आली. मी चढले. त्यानंतर मी किती जणांकडे रत्नाची चौकशी केली, पण तिचा पत्ता मला आजवर लागलेला नाही.