पुढचा काळ, मागचा काळ आणि उजवा हात

धाकटा भाऊ माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना हात मध्ये सापडला होता. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता पुढचं काम तुमचं. भाऊ ऊसतोडणी यंत्रावर चालक आहे. यंत्राचे मालक सिरसाळ्याचे. ते भेटायला आले, चहा घेतला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "खंडेनवमीपर्यंत तुझी सीट कुणाला देत न्हाई. त्या दिवशी यंत्राची पूजा झाली की चालवून दाखव. जमलं तर तू, न्हाई तर दुसरा." यात चुकीचं काही नव्हतं. हंगाम कुणासाठी थांबत नाही.

माजलगावात माझं ठिबकच्या पाइपांचं आणि फिटिंगचं दुकान आहे. काय संपत आलं, काय मागवायचं, कुणाला कधी फोन करायचा, हे सगळं मी लिहून ठेवते. भावाच्या हाताचीही यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. गरम पाण्यात हात धरणे, चेंडू दाबणे, कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे. त्यानं ती वाचली.

"आक्का, मला बालवाडीत घातलंस व्हय?"

चेंडू लवकरच पलंगाखाली गेला. कणीक तो मळायचा, पण डाव्या हातानं.

फिजिओथेरपीच्या मॅडम वयानं लहान आणि बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, घरात व्हिडिओ गेम आहे का? होता. मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा टीव्हीला जोडायचं ते खोकं इथंच ठेवून गेला होता. "मग खेळू द्या त्यांना," मॅडम म्हणाल्या. "रिमोटला अंगठा लागतो, तर्जनी लागते. व्यायाम होईल आणि कंटाळाही येणार नाही."

खोक्यासोबत दोन गेम होते, दोन्ही साहसाचे. एक जुन्या काळातला. कुठल्याशा राज्यातली मुलगी कमरेला वाकडं पातं खोचून गावाचा हरवलेला झरा शोधत निघते. दुसरा पुढच्या काळातला. आकाशातला एक भलामोठा तळ सोडून सगळी माणसं निघून गेलेली, आणि एकटाच उरलेला वैमानिक छोट्या यानातून घरी परतायची वाट शोधतो. मला जुना बरा वाटला. तिथं दाराला अडसर असतो, विहिरीला पायऱ्या असतात, मशाल विझली की अंधार पडतो. काय केलं म्हणजे काय होईल हे डोळ्यांना कळतं. भावानं मात्र दुसराच उचलला.

"हा बघ की," मी म्हटलं. "घोडे हायेत, किल्ला हाय."

"मागचं कावून बघायचं? मागचं लई बघितलंय."

ते खरं होतं. दिवाळी झाली की आई-वडील ऊस तोडायला जायचे आणि आम्ही दोघं त्यांच्या मागं. कारखान्याच्या माळावर, उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आमचं निम्मं बालपण गेलं. भाऊ मिसरूड फुटायच्या आधीच वडिलांच्या शेजारी वाकून तोडायला लागला. वडिलांची कंबर गेली, त्यांना उठून बसवायला दोन माणसं लागायला लागली, तेव्हा हा आईसमोर म्हणाला की आता मरेपर्यंत कोयता हातात धरणार नाही. धरला नाही. ट्रॅक्टर शिकला, मग यंत्र शिकला.

"ह्याच्यात बघ," तो टीव्हीकडे हनुवटी करून म्हणाला, "एक माणूस वाकत न्हाई. दार आपलं आपण उघडतं."

मी नीट पाहिलं. खरंच कुणी वाकत नव्हतं. पण मला दुसरंच दिसलं. "एवढा मोठा तळ, माणूस न्हाई, आणि फरशी लख्ख. झाडतं कोण?"

"यंत्र झाडत आसंल."

"ते यंत्र कुठं दिसंना."

"आन् तुझ्या राजवाड्यात भाकरी थापणारी तरी दिसती का?"

ती दिसत नव्हती. माझा गेम त्याच्यापेक्षा वरचढ नव्हता.

तो खेळायला लागला म्हणून मला आधी बरं वाटलं. मग एका दुपारी दुकान बंद करून घरी आले आणि मागून पाहिलं. यान टीव्हीवर मजेत चाललं होतं, रिमोट डाव्या मांडीवर होता, आणि उजवा हात पोटावर निवांत पडलेला. एकदा दिशा ठरवली की यान आपोआप जायचं. बाकीचं काम डावा अंगठा भागवत होता.

"हा व्यायाम चाललाय?"

"यानच हुशार हाय, मी काय करू?"

मी तो गेम कपाटात ठेवला आणि जुना पुढे केला. त्यानं टीव्ही बंद केला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी विचार केला की मला काय हवंय? त्याचा हात. तो कोणत्या काळात हिंडतो याच्याशी मला देणंघेणं नाही. मुलाला फोन केला, त्यानं सांगितलं तशी सेटिंग उघडली, यानाचं आपोआप जाणं बंद केलं आणि डाव्या बाजूची जेवढी कामं हलवता येत होती तेवढी उजव्या बटणांवर नेली. गेम परत दिला.

पहिल्याच वळणाला यान खांबावर आपटलं.

"आक्का, काय केलंस ह्याला?"

"हुशारी काढून घेतली त्याची. आता तू दाखव."

खूप आपटलं. शिव्या मला आणि यानाला सारख्याच मिळाल्या. पण अंगठा हलायला लागला, मग तर्जनी. पोळा होऊन गणपती बसले तेव्हा तो तळाच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचला होता. मी खूश होऊन त्याला मॅडमकडे नेलं. त्यांनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली आणि धरून ठेवायला सांगितलं. मूठ मिटली आणि लगेच सुटली.

"टकटक जमतंय," त्या म्हणाल्या. "धरून ठेवणं जमत नाही. यंत्राचा दांडा धरून ठेवायचा असतो ना?"

दांडा कसा असतो ते भावाला माहीत होतं.

पुढच्या काळाच्या त्या गेममध्ये काहीच धरून ठेवावं लागत नाही, हे मी त्याच संध्याकाळी तपासलं. सगळं एका टिचकीत होतं. जुन्यात मात्र दोरी ओढायची तर बटण दाबून धरायचं, धनुष्य ताणायचं तर दाबून धरायचं. आणि या दोन्हींच्या आधी, अगदी सुरुवातीला, वाटेत उसासारखं उंच बोरूचं रान होतं. ते त्या वाकड्या पात्यानं कापल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. बटण दाबलं की मुलगी वाकायची. पातं बुडाशी पोचेपर्यंत धरायचं, मग सोडायचं.

मी भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "न्हाई."

मग दुपारी मी स्वतः खेळायला बसले. नंतर हे ऐकून मॅडमना वाटलं की मी मुद्दाम चुकत होते. तसं नव्हतं. लहानपणी मी मोळ्या बांधल्या, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा केले, तोडणी कधीच केली नाही. माझं बटण लवकर सुटायचं, बोरू अर्ध्यातच मोडायचा आणि पुन्हा उभा राहायचा. रोज तासभर मी त्याच जागी. भाऊ पलंगावर मोबाइल बघत पडलेला असायचा, पण त्या मोबाइलचा पडदा बऱ्याचदा काळाच असायचा.

"शेंडे काय मोडतीस?" एक दिवस त्याला राहवलं नाही. "बुडापासून घे की."

"घेतेच तर हाय."

"सोडलंस! परत सोडलंस! अगं, खाली जाऊ दी."

"मग सांग नीट."

"सांगून येत आसतं व्हय हे? सरक."

त्यानं रिमोट घेतला. टीव्हीवरची मुलगी वाकली, तसं त्याचं तोंड आवळलं. तर्जनी सुटली. बोरू मोडून परत उभा राहिला. तो जोरात शिवी घालून पुन्हा बसला. पुन्हा सुटली. मी चहा ठेवायला उठले, कारण तिथं बसून बघणं बरं नव्हतं. चहा उकळेपर्यंत आतून शिव्याच येत होत्या. मग एकदा काहीच आवाज आला नाही. मी डोकावले. बोरूचा एक पट्टा जमिनीला लागून आडवा पडला होता.

"बुडात साखर आसती," तो टीव्हीकडेच बघत म्हणाला.

"ह्या बोरूत कुठली साखर?"

"सवय हाय."

त्यानंतर तो रोज बसला. मी बोरूबद्दल एक शब्द काढला नाही. फ्रिजवरच्या यादीतून चेंडू आणि कणीक खोडून टाकलं, चिमटे ठेवले. तेही तो लावायला लागला.

खंडेनवमीला माझ्या स्कूटरवरून आम्ही सिरसाळ्याला गेलो. शेडमध्ये यंत्र धुऊन उभं केलं होतं, झेंडूच्या माळा होत्या, आणि पुढे पाटावर मालकांच्या घरातला जुना कोयता हळदीकुंकू लावून ठेवला होता. नारळ फुटला. मालकांनी शेडमागच्या उसाच्या तुकड्याकडे बोट केलं. "एक फेरी मार."

भाऊ चढून केबिनमध्ये बसला. खालून मला त्याचा उजवा हात दिसत होता. चार बोटं दांड्यावर मिटली, करंगळी तेवढी बाहेर राहिली. यंत्र उसात शिरलं. दांडा सुटला तर पाती वर उचलली जाणार आणि निम्मा ऊस रानातच राहणार, एवढं मला कळत होतं. मी त्या करंगळीकडे बघत राहिले. यंत्र टोकाला गेलं, वळलं, परत आलं.

मालकांनी शाबासकी दिली नाही. ते रानात गेले, वाकून खुंट बघितले, बोट लावून बघितले.

"बुडापासून घेतलंस," ते म्हणाले. "दिवाळी झाली की निघायचं. ती करंगळी तेवढी आत घाल, न्हाईतर दारात सापडंल."

परतताना स्कूटर मी चालवत होते. गाव मागं पडल्यावर तो माझ्या कानाशी ओरडला.

"आक्का, मी गेल्यावर खेळणार का तू?"

"झरा सापडला कुठं अजून? खेळणारच."

"मग ऐक. बोरू संपला की दोन वाटा फुटत्यात. डावीकडं राजवाडा हाय, तिकडं जाऊ नको, येळ जातो नुसता. उजवीकडं विहीर हाय."

मी दुकानात असताना तो एकटा किती पुढे जाऊन आला होता ते मला तेव्हा कळलं.

"विहिरीत उतरायचं?"

"दोरी धरून. लई खोल हाय. मधी सोडलीस तर परत वरून," तो म्हणाला. "आडलीस तर फोन लाव मला. यंत्र थांबवून सांगतो."