घाट उतरण्याची परीक्षा

शहापुरात आमच्या शेठचे सहा ट्रक आहेत आणि मी त्यांच्या ऑफिसात कारकुनी करतो. नवा ड्रायव्हर घेताना शेठ लायसन बघतात, पण म्हणतात, "लायसन बघून मी फक्त ट्रकात बसू देतो." मग भरलेला ट्रक घेऊन माळशेज चढायचा, उतरायचा, आणि शेजारी शेठ. चालत्या ट्रकात या माणसाचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आधी पिकअप चालवायचा. त्याने नुकतंच मोठ्या गाडीचं लायसन काढलं होतं आणि वर्षभर घरी बसून होता. बहिणीने माझ्याकडे शब्द टाकला, मी शेठकडे. परीक्षेला मीही सीटमागच्या फळीवर बसलो. पठ्ठ्याने घाट झकास चढवला. उतरताना मात्र गिअर काढून ट्रक न्यूट्रलवर सोडला आणि वर ऐटीत म्हणाला, "शेठ, डिझेल वाचवतो तुमचं!"

शेठनी ट्रक बाजूला घ्यायला लावला, स्वतः चालवत घाटाखालच्या वैशाखऱ्यात आणला, आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "नाय जमायचं."

मी भडकलो. ड्रायव्हरवाचून एक ट्रक पंधरा दिवस नुसता उभा होता. "माणूस मिळत नाय, नि तुमी आलेल्याला घालवताय?"

शेठनी रस्त्याकडे बोट दाखवलं. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया कडेकडेने चालल्या होत्या. "ब्रेक तापून लागलेच नसते, तर यांच्या घरी काय सांगायचं? डिझेल वाचवलं?"

मला लाज वाटली, पण रागही गेला नाही. परतताना शेठ मुरबाडजवळ बहिणीच्या घरी स्वतः उतरले. "बाय, 'नाय' म्हणालो तो मी. भावावर रुसू नको." मग तिच्या नवऱ्याला म्हणाले, "दोन महिने आमच्या जुन्या ड्रायव्हरसंगं फिर. पगार देईन, स्टेअरिंग नाय." असा मालक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बहीण रुसलीच. दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही.

दुसऱ्या परीक्षेला मी पुन्हा फळीवर. उतार लागण्याआधीच पाव्हण्याने दुसरा गिअर टाकला आणि कण्हत कण्हत ट्रक उतरू लागला. डिझेलचा विषय त्याने काढला नाही. वैशाखरे आल्यावर दबकत विचारलं, "शेठ, पास ना?"

मी पुढे वाकून पाहिलं. शेठ खिडकीला डोकं टेकून चक्क घोरत होते.