बदाम सत्ती हरवल्याची तक्रार

ती गोष्ट अजून माझ्या मनातून उतरलेली नाही, आणि तिचा गुन्हा नंबर मात्र कुठल्याच रजिस्टरला सापडायचा नाही. गुन्हा घडलाच नव्हता ना. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खुनाच्या जागेवर पंचनाम्यालाही उभी राहिले. पण "खात्यातलं काही सांगा" असं कोणी म्हटलं, की आधी ओठांवर येते ती हीच.

मी तेव्हा मंगरूळपीरला सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती झालेली बाई मी, लिहायला शिकले ती स्टेशन डायरी लिहून लिहून. त्यामुळे माझी भाषा तशीच, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नावं कोणाचीच देत नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारची जेवणं झाली की ठाणं जरा सुस्तावतं. कूलरचा आवाज तेवढा चालू. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मी होते, बाजूला आमचे हवालदार समन्स लावत बसले होते. एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, वहाणा दाराबाहेर काढलेल्या. ठाण्यात कोणी वहाणा काढत नाही, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

"जय भीम, मॅडम. मिसिंग लिहून घ्या."

"जय भीम. बसा. कोण हरवलं? नाव सांगा."

"बदाम सत्ती."

हवालदारांनी मान वर केली. "काका, मंग चौकट अठ्ठीची बी लिहून टाकू काय?"

"लिवा. पण पहिले हे लिवा," म्हातारे म्हणाले. हसले नाहीत.

हळूहळू सगळं बाहेर आलं. गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, ती अकोल्याला नांदत होती. तिनं त्यांना मोठा फोन घेऊन दिला होता. त्या फोनवर ते दुपारच्या जेवणानंतर पोकर खेळायचे. पोकर म्हणजे पत्त्यांचाच खेळ. दोन पत्ते आपल्या हातात, पाच मधे उघडे, आणि त्यांतून ज्याची जुळणी भारी तो जिंकला. पण ते मला म्हणाले, "मॅडम, पत्त्यापेक्षा थापेचा खेळ आहे तो. हातात काही नसलं तरी असल्यासारखं दाखवाचं. अन् समोरचा दाखवून राह्यला त्यात खरं किती ते हेराचं."

आता आम्हा पोलिसांना पत्ते म्हटलं की जुगाराची रेड आठवते. शेताच्या कडेला टिनाच्या शेडमधे आठ-दहा जण, आम्ही दिसलो की पळापळ, आणि पकडून आणले की ठाण्यातही एकमेकांना शिव्या देत हसतात. एकमेकांचे सोयरे, शेजारी, दोस्तच असतात ते. हा माणूस तसा नव्हता. हा घरात एकटा बसून, ज्यांचं तोंडही दिसत नाही अशा लोकांशी खेळत होता.

माझा पहिला संशय साधा होता. खेळात हरलेले लोक ठाण्यात येतात, आणि पैसे गेले म्हणायची लाज वाटते म्हणून दुसरीच कहाणी रचतात. मी सरळ विचारलं, "काका, किती गेले?"

"गेले न. खोटं काहून बोलू? सुरुवातीले जिंकलो. वाटलं, आपल्याले डोकं आहे राजा, उगाच तिकिटं फाडत फिरलो. मंग जे धुतलं मले, पोरीले सांगाची हिंमत नाही झाली. तवापासून फुकटच्या टेबलावर बसतो. तिथं पैशाच्या जागी खोट्या चकत्या असतात. हरलं तरी काही जात नाही, जिंकलं तरी काही येत नाही."

"मग त्यात मजा काय?"

"मजा कायची? दुपार जाते."

त्या फुकटच्या टेबलावर त्यांना एक खेळाडू भेटला. बदाम सत्ती हे त्यानं लावून घेतलेलं नाव. वर्षभर रोज दोघं समोरासमोर. टेबलाच्या कोपऱ्यात लिहून बोलायची सोय असते, तिथे हा बदाम सत्ती आपल्या वऱ्हाडीत भरभरून लिहायचा. टेबल बंद झालं की लिहिलेलं पुसून जायचं. चार दिवसांपूर्वी त्यानं डाव अर्ध्यात सोडला आणि लिहिलं, "उद्यापासून आपली जागा खाली राहीन. आता लय झालं, जगून कोणाले काय." त्यानंतर तो आला नाही.

हवालदारांनी समन्सचे कागद बाजूला ठेवले. मीही पेन ठेवलं.

"आणखी काय काय लिहायचा तो?"

"बायकोचं लिहे. वारली त्याची बायको."

"काय लिहायचा बायकोचं?"

म्हातारे कूलरकडे पाहायला लागले.

"काका, मी विचारते आहे."

"ते मी नाही सांगणार, मॅडम. ते त्यायच्या घरचं आहे."

मग मी आवाज चढवला. तुम्हीच तक्रार घेऊन येता आणि तुम्हीच लपवता, त्याचं काही बरं-वाईट झालं तर जबाबदारी तुमच्यावर येईल, असं सगळं बोलून झालं. आम्हाला येतं ते. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी मले आत टाका. पण त्यानं ते मले सांगतलं, तुमाले नाही." खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की ह्यात काहीतरी काळंबेरं आहे. सरळ माणूस इतका अडत नाही, असा माझा अनुभव.

पण जीव जायची गोष्ट होती, संशय घेऊन बसायला वेळ नव्हता. मी वाशिमला सायबर सेलला फोन लावला. तिथल्या मुलीनं सांगितलं, "मॅडम, मोबाईल नंबर असता तर लोकेशन काढलं असतं. नुसत्या खेळातल्या नावावर कंपनीला मेल करावा लागेल, आणि उत्तर येईल तेव्हा येईल." मेल करायला सांगितलं. पण उत्तराची वाट पाहत बसणं मला पटेना.

मी चहा मागवला आणि परत म्हाताऱ्यांसमोर बसले. आता आवाज खाली. आजवरच्या चौकशांत मला एक गोष्ट कळली होती. माणूस आपला पत्ता कोणाला देत नाही, पण आपला त्रास सगळ्यांना सांगत फिरतो.

"काका, घरचं राहू द्या. तो कुरकुर कशाची करायचा?"

ते खुलले. "हे विचाराचं न पहिले! लोकायची कुरकुर करे. माह्या ओट्यावर चढून फोटो काढतात म्हणे. समोर मोठी इमारत आहे नगाऱ्यासारखी, तिचा फोटो त्यायले माह्या ओट्यावरूनच बरा येते."

"आणखी?"

"रामनवमीले दोन-तीन दिवस आलाच नाही. मंग म्हणे, इतकी पब्लिक आली, दारापुढं गाड्याच गाड्या, नेट मरून गेलं होतं."

हवालदारांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. नगाऱ्यासारखी इमारत आणि रामनवमीची अशी गर्दी, आपल्या जिल्ह्यात दुसरी जागा नाही. "पोहरादेवी," हवालदार म्हणाले. मानोरा तालुक्यातलं यात्रेचं गाव ते.

म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. "मले काहून नाही सुचलं? त्या रोडले मी कित्येक वर्षं गाडीवर होतो. मले वाटे, तो कुठं लांब असन."

साहेबांना विचारून स्टेशन डायरीला रवानगीची नोंद घातली. हद्द आमची नव्हती, म्हणून मानोरा ठाण्याला कळवलं आणि गावच्या पोलीस पाटलांना फोन केला. म्हातारे उठून उभे राहिले, "मी बी येतो." मी नाही म्हटलं. तिकडे काय पाहायला मिळेल ते मला माहीत नव्हतं. ते बाकावर बसून राहिले.

मी पोहोचले तेव्हा पोलीस पाटील रस्त्यावरच थांबले होते. नगाऱ्यासमोरच्या ओट्याचं घर म्हटल्यावर त्यांना विचार करावा लागला नाही. "पंपाच्या मोटारी बांधून देते तो माणूस. बायको गेल्यापासून दुकान बंदच आहे. चार दिवसांपासून दार लावून आहे, आमाले वाटलं बहिणीकडं गेला असन." बाहेर दर्शनाला आलेल्या लोकांची ये-जा चालली होती, प्रसादाचे स्टॉल, रिक्षा, पोराबाळांचा गलका. त्या गलक्यात हे एक दार बंद, आणि कोणाला त्याचं काही नाही.

पुष्कळ वेळ वाजवल्यावर दार उघडलं. दाढी वाढलेली, पोट पाठीला लागलेलं, पण माणूस जिवंत होता. आत अंधार. खाटेच्या उशाशी जे ठेवलेलं होतं ते मी आधी उचललं आणि पोलीस पाटलांच्या हातात दिलं. काय होतं ते लिहीत नाही. झाकण उघडलेलं नव्हतं, एवढंच सांगते.

"कोणं पाठवलं तुमाले?" त्यानं विचारलं.

"तुमच्या सोबत पत्ते खेळतात ते."

"माह्या सोबत कोणी नाही खेळत."

"फोनवर, पोकर."

तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जणू माझाच तोल गेला आहे. "बाई, ते मशीन आहे."

मला समजेना. मग त्यानं सांगितलं. समोरच्याचं नाव म्हणजे नुसतं 'गेस्ट' आणि पुढे आकडे. फोटो नाही. रोज दुपारी ठरल्या वेळी हजर, एक दिवस खाडा नाही. आपण पानभर लिहावं आणि तिकडून 'हो', 'बरं', 'खेळा' एवढंच यावं. "लोक म्हणत, खेळाडू कमी पडले की कंपनी आपलंच मशीन बसवते. जिंदगीभर मशिनंच खोलली मी. म्हटलं, मले ओळखू येते."

खरं तर आमच्या कंडक्टर काकांना नाव बदलायचं कसं ते माहीतच नव्हतं, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिताना 'बरं'च्या पुढे काही लिहिणं होत नव्हतं. पण वाचत होते ते. सगळं.

"माणूस आहे तो," मी म्हटलं. "मंगरूळपीरचा. ठाण्यात बसला आहे दुपारपासून, तुमच्यासाठी."

तो खाटेवर बसला. म्हणाला, "म्हणजे त्यानं सारं वाचलं?"

जीव वाचल्याचा आनंद तिथे मला दिसला नाही. लाजच दिसली. आयुष्यातलं जे कोणाजवळ बोलला नव्हता, ते त्यानं मशीन समजून बोलून टाकलं होतं. पलीकडे कोणी नाही ह्याच भरवशावर त्याचं मन मोकळं झालं होतं, आणि मी तो भरवसाच काढून घेतला. त्याला दवाखान्यात न्यायचं होतं, दारव्ह्याच्या बहिणीला बोलावून घ्यायचं होतं, ती कामं केली. त्यापूर्वी ठाण्यात फोन लावला.

"काका, आहे तो. ठीक आहे."

ते म्हणाले, "जेवला काय?"

मी फोन त्याच्या हातात दिला. स्पीकर चालू होता, म्हणून दोन्हीकडचं मी ऐकलं.

"हॅलो."

"हां, बोला."

"तुमी मशीन नव्हता, तं सांगाचं न."

"तुमी विचारलंच नाही."

"मी लय काही बोलून गेलो."

"मी कोणाले सांगतलं नाही."

"मॅडमले?"

"मॅडमनं लय दम देला. नाही सांगतलं."

त्यावर तो रडला. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले. एका जोडप्यानं विचारलं, "मॅडम, जरा बाजूला होता काय, फोटो काढाचा आहे." मी बाजूला झाले.

त्यानं काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. त्या दुपारी ज्याला मी काळंबेरं समजले, ती त्या म्हाताऱ्यांची इमानदारी होती. माणूस लपवतो तेव्हा तो स्वतःसाठी लपवतो की दुसऱ्यासाठी, हे आधी पाहायचं, असं मी पुढे नव्या पोरा-पोरींना सांगत आले. खात्यात तसं शिकवत नाहीत. तिथे खोटं कोण बोलतं ते शोधायला शिकवतात. माणूस शेवटचं खरं कोणाजवळ बोलला आणि त्यानं ते ऐकलं का, हे विचारायला मला त्या म्हाताऱ्यांनी शिकवलं.

तुम्हाला वाटेल, पुढे दोघांची दोस्ती झाली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. काही महिन्यांनी कंडक्टर काका बाजारात भेटले. पोहरादेवीचा माणूस बरा होता, दुकान उघडलं होतं, बहीण येऊन-जाऊन होती, एवढं त्यांना पोलीस पाटलांकडून कळत होतं. मी विचारलं, "टेबलावर येतो की नाही?"

"नाही येत."

"तुम्ही जाऊन भेटा ना. बसनं कितीसं लांब आहे."

"नाही मॅडम. मी समजतो त्याचं. ज्याले आपलं सारं मालूम आहे, त्याच्यापुढं पत्ते कसे लपवाचे?"

"मग तुमचं काय?"

"मी बसतो न रोज. नवे नवे लोक येतात." पिशवी त्यांनी ह्या हातातून त्या हातात घेतली. "पोरीकडून नाव लावून घेतलं आपलं, खरं नाव. कोणी नवा आला की पत्ते वाटाच्या पहिले मी लिहून देतो. मी माणूस आहे, मंगरूळपीरचा. तुमी कुठचे?"

"काय म्हणतात लोक?"

"बहुतेक उठून जातात," ते म्हणाले. "त्यायले वाटते, म्हातारा लय बोलते."