भाग्यक्काने बोर्डावर न लावलेलं पत्र

सुचेता पुण्याहून बंगळूरला आली त्याला पंधरा दिवस झाले होते आणि पंधरा दिवस ती नुसती डोळे मोठे करून बघत होती. साल शहाण्णव. येलहंकाच्या पुढे निलगिरीच्या झाडांत एक संस्था, आणि तिथे अकरा देशांचे विद्वान एका टेबलाभोवती बसून ठरवतायत, की हा जो कॉम्प्युटर जगभर पसरतोय तो माणसाने कसा वापरायचा, कुणाची माहिती कुणी बघायची, देशादेशांनी आपसात काय पाळायचं. सुचेता फक्त टिपणं काढायला. तरी तिला रोज वाटायचं, आपल्यासमोर जगाची घटना लिहिली जातेय.

त्या टेबलाच्या बरोबर खाली, जिन्याखालच्या खोलीत भाग्यक्का बसायची.

भाग्यलक्ष्मी मूळची निपाणीची. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, आणि इंग्रजी टायपिंग करता करता शिकलेली. अकरा वर्षं टायपिस्ट होती, तीही टेंपररी. अख्ख्या संस्थेचा ई-मेल एकच आणि तो तिच्या ताब्यात. सकाळी ती फोन जोडायची, मोडेम शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडायचा, आणि सातासमुद्रापलीकडची पत्रं खाली उतरायची. ती छापायची, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायची आणि व्हरांड्यातल्या बोर्डावर टाचण्यांनी लावायची. पूर्वी तारा तिथेच लावत, तीच सवय पुढे चालू राहिली. त्यात एकदा एक कारकून कुणाचं पत्र ड्रॉवरमध्ये विसरला होता, तेव्हापासून संचालक पुरुषोत्तम सरांचा नियमच होता: अकराच्या चहाआधी सगळं बोर्डावर.

मग काय, चहा पिता पिता सगळे सगळ्यांचं वाचायचे. कुणाचा मुलगा नापास, कुणाच्या बायकोचं काय बिनसलंय. सुचेतासुद्धा वाचायची, बिस्किट खात. कुणाला त्यात काही वाटायचंच नाही.

सोमवारी सुचेता झेरॉक्सला खाली आली तर भाग्यक्काने साडीचा पदर चक्क स्क्रीनवर टाकलेला आणि प्रिंटर कर्रकर्र चालू. कागद निघाला तसा तिने उलटाच धरला, चार घड्या घातल्या आणि स्टेपलरने दोन पिना मारल्या.

"अक्का, हे काय करताय?"

"लाहोरच्या रिझवीसाहेबांचं पत्र आहे."

वरच्या विद्वानांतले रिझवीसाहेब शुक्रवारी मसुद्यावर सही करणार की त्यांना तिकडून कुणी अडवणार, यावर चहाला पैजा लागत होत्या. सुचेताचे कान टवकारले. "बोर्डावर नाही लावणार?"

"नाव बघायला गेले आणि दोन ओळी वाचून बसले. लावण्यासारखं नाही गं ते."

"काय आहे त्यात?"

भाग्यक्काने चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही लोक वर दिवसभर काय लिहिता, सुचेता?"

सुचेताचे कान गरम झाले.

रिझवीसाहेब आले, पिना काढल्या, पायरीवर बसून वाचलं आणि झाडांत निघून गेले. चहाला आले नाहीत. तीन वाजता परत येऊन मुकाट कामाला बसले.

संध्याकाळी पुरुषोत्तम सर रजिस्टर घेऊन खाली उतरले. सुचेता तिथेच कागद जुळवत होती.

"भाग्यलक्ष्मी, आलेली पत्रं चार. बोर्डावर तीन. चौथं?"

"ज्याचं त्याला दिलं, सर."

"तुला कायम करायची फाईल माझ्या टेबलावर आहे, माहितीये ना? याच आठवड्यात सही करायचीये. आणि तू आत्ता नियम मोडतेस. काय होतं पत्रात तेवढं सांग, मी सांभाळून घेतो."

"माहीत नाही म्हटलं तर खोटं होईल. सांगणार नाही, हे खरं आहे."

"मग मला फाईलवर लिहावं लागेल."

"सरी, ठीक आहे सर. लिहा."

एवढं बोलून ती मशीनवर कव्हर घालायला लागली. अकरा वर्षं, आणि 'लिहा' म्हणाली. सुचेताला वरचं टेबल, ते अकरा देश, सगळं एकदम लहान वाटायला लागलं. इतका मोठा माणूस आपण रोज बघत होतो आणि त्याच्याकडे झेरॉक्स मागत होतो.

मंगळवारी सकाळी नेहमीसारखं सुचेताने वर सगळ्यांपुढे आदल्या दिवसाचं टिपण वाचलं. शेवटी एक परिच्छेद जास्तीचा होता, रात्रभर विचार न करता घातलेला: खाली काय घडलं, कोण काय म्हणालं, आणि मीही सगळ्यांची पत्रं वाचते. वाचताना आवाज चिरकला, पण वाचलं.

मग रिझवीसाहेब म्हणाले, "पत्र माझं होतं. पिना मी काढल्या. माझ्याआधी कुणीच नाही."

अध्यक्ष श्यामला मॅडम उठल्या आणि तडक जिन्याने खाली. मागोमाग सगळे. बोर्डासमोर उभं राहून मॅडमनी स्वतःचं पत्र काढलं. मग एकेकाने आपापलं. अकरा देशांचे विद्वान, माना खाली, आपापली घरं बोर्डावरून उतरवत होते. शेवटचं पुरुषोत्तम सरांच्या मुलीचं होतं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि नंतर बराच वेळ खिशावरचा हात काढला नाही.

"टाचण्या इकडे द्या," भाग्यक्का आतून म्हणाली. "मागच्या वेळेसारख्या हरवू नका."

शुक्रवारी रिझवीसाहेबांनी सही केली. पत्राचा त्याच्याशी काही संबंध होता का, हे कुणी विचारलं नाही. पैजाही मोडल्या.

शनिवारी पुरुषोत्तम सर स्वतः जिन्याखाली आले आणि भाग्यक्काच्या हातात एक कागद दिला. चार घड्या, दोन पिना. ती भिंतीकडे तोंड करून वाचत राहिली, खूप वेळ.

"अक्का, काय आलंय?"

"ज्याचं पत्र त्याचं गं," ती म्हणाली.

मग चष्मा पदराने पुसून ती ऑफिसात गेली, टेंपररीचं मस्टर बाजूला सरकवलं, कायम लोकांचं जाडजूड मस्टर ओढून घेतलं आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.