कप्तान आणि बरानकोट

आमच्या घरात हवालदार होते, पण हुकूम चालायचा तो आईचाच.

आण्णा, म्हणजे माझे वडील, बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शनीवर कुंडलला परत आले. गावात त्यांचा हुकूम ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. मग त्यांनी कुत्र्याचं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं कप्तान. (चूक इथंच झाली. हवालदाराचं कप्तान कशाला ऐकेल?)

कप्ताननं आधी आईची चप्पल खाल्ली, मग वाळत घातलेल्या कुरडया! आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आटपाडीकडचा बिरूमामा धनगर आला होता. आईनं त्याला सांगून टाकलं, "जाताना ह्ये कुत्रं घिऊन जा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मॅट्रिकला नापास होऊन मी घरीच होतो आणि माझ्याकडं बघून शेपूट हलवणारं घरात तेवढं एकच होतं.

"सव्वीस जानेवारीपत्तुर थांब की," आण्णा आईला म्हणाले. "शाळंच्या मैदानात ह्यो समद्या गावापुढं उड्या मारून दावंल. फौजेतली कुत्री जळत्या चाकातनं जात्यात!"

"मारल्या तर ऱ्हाईल. न्हाई तर मेंढरामागं," आई म्हणाली.

लगेच कवायत सुरू. बैलांचं जू दोन खुंट्यांवर आडवं टाकलं, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव बाभळीला टांगली आणि पाटाच्या मोरीसाठी आणलेली सिमेंटची नळी पुढं मांडली.

"कप्तान, जंप!"

कप्तान खाली बसला.

"आरं, त्याला काय ठावं? फौजेत उस्ताद आदी सोता करून दावतो. मार उडी!"

मी मारली. कप्ताननं कौतुकानं शेपूट हलवली.

"पुन्यांदा!"

मी जूवरून उडालो, धावेतून गेलो, नळीतून रांगलो. रोज! माझे गुडघे सोलले, उड्या लांबल्या, आणि कप्तान सावलीला बसून अंगानं भरला. शेजारीपाजारी चहाच्या कपबश्या घेऊन बघायला यायला लागले.

सव्वीस जानेवारीला आण्णांनी ट्रंकेतून फौजेतला बरानकोट, म्हणजे घोट्यापर्यंतचा जाड लोकरी कोट, काढला. "उस्तादाला वर्दी पायजे." त्या कोटात माझ्यासारखे दोन मावले असते. कप्तानला लाच म्हणून मी त्याच्या खिशात एक सुका बोंबील टाकला.

झेंडावंदन झालं. मैदानात दोन्ही बाजूंना पोरांची भिंत, मध्ये आमचे अडथळे, पलीकडे आई आणि बिरूमामा.

"कप्तान, जंप!"

कप्तान खाली बसला. म्हटलं, शेवटचं एकदा करून दाखवू. जूवरून उडालो. शिट्ट्या! धावेतून गेलो. टाळ्या! नळीत शिरलो आणि बरानकोट गोळा होऊन काखेत बसला. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

"आण्णा, आडकलो!"

"आगे बढ!"

"आवं, कसा बढू?"

एवढ्यात बाहेर एकच गलका झाला. बोंबील नळीत गडप झालेला बघून कप्तान उठला होता! बाजूला पोरं, समोरचा रस्ता तेवढा मोकळा. तो जूवरून उडाला, धावेतून गेला, नळीत घुसला आणि मागून माझा खिसा धरून ओढायला लागला. टर्रकन कोट फाटला! मी सुटून पुढून बाहेर पडलो. माझ्या पाठीवरून कप्तान आला, तोंडात अख्खा खिसा.

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मला दुसरं काही दिसत नव्हतं, मी आईकडं बघत होतो. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"बिरूभाऊ, कुत्रं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मी कप्तानला कवटाळलं. इतका आनंद मला पास झालो असतो तरी झाला नसता.

बिरूमामानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग ह्याला न्हेऊ का, वैनी? उड्या बऱ्या मारतोय."

आईनं उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.